दोरीने सपाट की पाण्याने सपाट? ड्रॅग स्ट्रिप आणि पृथ्वीची गोलाई

प्रश्न असा आहे: पाव मैलाची, म्हणजे ४०२ मीटरची ड्रॅग स्ट्रिप (गाड्यांच्या सरळ रेघेतल्या शर्यतीची पट्टी) अगदी सपाट बांधली, तर पृथ्वी गोल असल्यामुळे गाडीला शेवटाकडे उतार लागेल का? वेळेत फरक पडेल का? आणि ट्रॅक बांधणारे ही गोलाई हिशोबात धरतात का? प्रश्नकर्त्याची मित्राशी पैज लागली आहे. एकाचं म्हणणं उतार लागणार, दुसऱ्याचं म्हणणं काही म्हणजे काहीच होणार नाही.

काटेकोर बोलायचं तर दोघंही हरलात. गोलाईमुळे काही लागलाच तर तो चढ, उतार नव्हे. पण तो चढ इतका किरकोळ आहे, आणि ट्रॅक बांधायच्या नेहमीच्या पद्धतीत तो असा आपोआप नाहीसा होतो, की व्यवहारात दुसरा जिंकला. चहा पहिल्याने पाजावा.

आता सविस्तर. रस्ते आणि धावपट्ट्यांच्या सर्व्हेत माझी २९ वर्षं गेली. ड्रॅग रेसिंगसाठी म्हणून खास बांधलेला ट्रॅक माझ्या हातून झालेला नाही, पण आपल्याकडे या शर्यती बहुतेक विमानांच्या धावपट्ट्यांवरच होतात. लोणावळ्यापलीकडच्या अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर झालेली व्हॅली रन तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. त्यामुळे प्रश्न माझ्या अंगणातलाच आहे.

सगळा घोळ 'सपाट' या शब्दात आहे. गवंड्याकडे बघा. त्याच्याकडे दोन वेगळ्या वस्तू असतात: लाइनदोरी आणि पाणसळ. दोरी ताणली की सरळ रेघ मिळते. पाणसळ किंवा पाण्याची नळी लावली की दोन जागा एका पातळीत आहेत का ते कळतं. भिंत बांधताना तो दोन्ही वापरतो आणि दोन्हींचं उत्तर एकच येतं, म्हणून दोरीचं सपाट आणि पाण्याचं सपाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं त्याला कधी वाटत नाही. वाटायचं कारणही नाही. १० मीटरच्या भिंतीत त्या दोघांत मधोमध फरक पडतो २ मायक्रॉनचा. विटेवरची धूळ त्याहून जाड असते.

पण पाण्याची नळी ४०० मीटर नेली तर? पाणी पृथ्वीच्या ओढीला काटकोनात स्थिरावतं. ती ओढ जागोजागी पृथ्वीच्या मध्याकडे असते, म्हणून पाण्याची पातळी पृथ्वीबरोबर वळत जाते. दोरी वळत नाही (ती स्वतःच्या वजनाने झोळ खाते, तो भाग वेगळा, दोरीच्या जागी लेझरचा किरण समजा). या दोघांतलं अंतर काढायची युक्ती सोपी आहे: अंतराचा वर्ग करा आणि पृथ्वीच्या व्यासाने, म्हणजे १२,७४२ किलोमीटरने भागा. १ किलोमीटरला साडेसात सेंटीमीटरच्या थोडं वर, नेमके ७८.५ मिलिमीटर येतात. ४०२ मीटरला येतात १२.७ मिलिमीटर. अर्धा इंच.

आता हा अर्धा इंच कुठे जातो ते नीट बघा, कारण इथेच बहुतेकांची दिशा चुकते. पृथ्वी खाली वळते, मग ट्रॅकचा शेवटही खाली जाणार, म्हणजे उतार, असं मनात येतं. पण सरळ ट्रॅक पृथ्वीबरोबर वळतच नाही. स्टार्ट लाइनला तो जमिनीला समांतर असेल आणि पुढे लेझरच्या रेघेसारखा सरळ जात असेल, तर फिनिश लाइनला जमीन त्याच्याखालून १२.७ मिलिमीटर निसटलेली असते. म्हणजे फिनिश लाइन पृथ्वीच्या मध्यापासून तितकी जास्त दूर आहे. मध्यापासून दूर जाणं यालाच आपण चढणं म्हणतो. गाडी सरळ रेघेत जाते आणि तरीही अर्धा इंच चढते. स्टार्टला ठेवलेला चेंडू जागेवर राहील. फिनिशला ठेवलेला चेंडू, रबराने चिकट झालेल्या डांबरावर तो गडगडेल अशी कल्पना करायची तर, मागे स्टार्टकडे यायला बघेल.

दुसरी रीत अशी की सरळ ट्रॅक मधोमध जमिनीला समांतर ठेवायचा. मग दोन्ही टोकं मध्यापेक्षा ३.२ मिलिमीटर वर राहतात. गाडी आधी ३.२ मिलिमीटर उतरते, मग तेवढंच चढते, बेरीज शून्य. या ट्रॅकला चारी बाजूंनी बांध घातला आणि पाऊस पडला, तर पाणी मधोमध साचेल, ३ मिलिमीटर खोल, आणि दोन्ही टोकं कोरडी राहतील. दोरीने तंतोतंत सरळ असलेला ट्रॅक, आणि त्यावर डबकं! सर्व्हेच्या धंद्यात नव्याने येणाऱ्या मुलांना मी हे सांगतो तेव्हा निम्मी मुलं मान हलवतात आणि रात्री घरी जाऊन आकडेमोड करतात. उरलेली निम्मी नुसती मान हलवतात.

तिसरी रीत पाण्याची: ट्रॅकचा प्रत्येक बिंदू एकाच पातळीत. हा ट्रॅक दोरीच्या नजरेने मध्ये ३.२ मिलिमीटर फुगलेला आहे, पण गाडीच्या नजरेने संपूर्ण सपाट. चढ नाही, उतार नाही. खरे ट्रॅक ज्या पद्धतीने बांधले जातात ती हीच. कसं, ते पुढे सांगतो.

आधी वेळेचं बघू. सगळ्यात वाईट रीत घ्या, स्टार्टला टेकलेला लेझरसरळ ट्रॅक, अर्ध्या इंचाचा चढ. गाडी १,५०० किलोची, साडेबारा सेकंदांत पाव मैल मारणारी. तेवढं वजन १२.७ मिलिमीटर उचलायला १८७ ज्यूल लागतात. साखरेच्या दहाएक दाण्यांत एवढी ऊर्जा असते. पेट्रोलमध्ये मोजायची तर इंजिनचं सगळं नुकसान धरूनही अर्ध्या थेंबापेक्षा कमी. वेळेत याचा फरक पडतो सेकंदाचा सुमारे दहा हजारावा भाग. ड्रॅग रेसिंगच्या टाइमस्लिपवर, म्हणजे वेळेच्या छापील चिठ्ठीवर, सेकंदाचा हजारावा भाग छापला जातो, त्याखालचं काही दिसत नाही. याउलट ट्रॅकला ०.१ टक्क्याचा साधा चढ असेल, जो डोळ्यांना अजिबात कळत नाही, तर ४०२ मीटरमध्ये गाडी ४० सेंटीमीटर चढते आणि स्लिपवर सेकंदाचा साधारण शंभरावा भाग जास्त येतो. तो दिसतो, आणि त्यावरून भांडणंही होतात. धावण्याच्या १०० मीटर शर्यतीच्या ट्रॅकलाही धावण्याच्या दिशेने हजारात एकपेक्षा जास्त उतार चालत नाही, ते याच कारणाने.

लांबीतला फरकही कुणी विचारेल म्हणून सांगतो. पाण्याच्या पातळीबरोबर वळलेला ट्रॅक सरळ रेघेपेक्षा किती लांब? सुमारे ६७ नॅनोमीटर. केसाच्या जाडीचा हजारावा भाग. सोडून द्या.

आणि अमेरिकेतल्या टॉप फ्यूएल या सगळ्यात वेगवान वर्गातल्या गाड्यांचं म्हणाल, तर त्या पाव मैल धावतच नाहीत. २००८ च्या जूनमध्ये न्यू जर्सीतल्या एंगलिशटाउनला स्कॉट कॅलिटाचा अपघाती मृत्यू झाला आणि त्यानंतर नायट्रोवर चालणाऱ्या या गाड्यांची शर्यत १,००० फुटांवर आणली गेली. १,००० फुटांना दोरी आणि पाण्यातला फरक ७.३ मिलिमीटर. ताशी ५३० किलोमीटरने फिनिश ओलांडणाऱ्या त्या हजारएक किलोच्या यंत्रात तेव्हा ११ मेगाज्यूलच्या वर गतिज ऊर्जा असते. त्यातले ७५ ज्यूल गोलाईने खाल्ले. हत्तीच्या पाठीवरून माशी उडाली.

आता बांधणीकडे येतो, कारण मला यातलं खरं रंजक तिथे वाटतं. ट्रॅकच्या लेव्हल्स, म्हणजे जागोजागच्या उंच्या, घेतात त्या ऑटो लेव्हलने. तिपाईवर दुर्बीण, दुर्बिणीवर बुडबुडा. बुडबुडा मध्यावर आणला की यंत्राच्या आतला लोलक नजरेची रेघ आडवी करतो. आडवी म्हणजे त्या जागेच्या ओळंब्याला काटकोनात. तिपाई उचलून ८० मीटर पुढे नेली आणि पुन्हा बुडबुडा मध्यावर आणला की आता रेघ त्या नव्या जागेच्या ओळंब्याला काटकोनात. दोन जागांचे ओळंबे एकमेकांना समांतर नसतात, दोन्ही पृथ्वीच्या मध्याकडे रोखलेले असतात. म्हणजे दर वेळी बुडबुडा मध्यावर आणताना आपण नकळत पृथ्वीच्या गोलाईला धरून पुढे सरकतो. गोलाई हिशोबात धरतात का, या प्रश्नाचं उत्तर: कुणी धरत नाही, कारण बुडबुड्याने ती आधीच धरलेली असते.

मात्र एक अट आहे आणि ती मी स्वतः फजिती करून घेऊन शिकलो. नोकरीचं दुसरं वर्ष असेल. एका धावपट्टीच्या नव्या थराचं काम होतं. हिवाळ्यातली पहाट, हवा स्वच्छ, आणि माझ्या अंगात आळस. टीबीएमवरची (उंची माहीत असलेल्या तात्पुरत्या खुणेवरची) बॅकसाइट, म्हणजे मागची नोंद, ४० मीटरवर घेतली आणि तिपाई हलवायचा कंटाळा म्हणून त्याच जागेवरून फोरसाइट, म्हणजे पुढच्या नोंदी, घेत सुटलो, १०० मीटर, २०० मीटर, शेवटची ३२० मीटरवर. स्टाफवरचे, म्हणजे उभ्या मोजपट्टीवरचे, आकडे कसेबसे दिसत होते, पण दिसत होते. दुपारी परत येऊन लेव्हल क्लोज केल्या, म्हणजे माहीत असलेल्या उंचीशी ताडून पाहिल्या, तर १९ मिलिमीटरची चूक. धावपट्टीच्या कामात १९ मिलिमीटर म्हणजे पाट्या उचला आणि घरी जा.

आमच्याकडे तेव्हा एक ज्येष्ठ सर्व्हेअर होते, सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांनी फील्डबुक बघितलं, अंतरांच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि इतकंच म्हणाले, "बॅकसाइट जेवढी, फोरसाइट तेवढी. मग पृथ्वी गोल असो नाहीतर चपटी."

संध्याकाळी बसून मी हिशोब मांडला. आडवी नजर सरळ जाते, जमीन खाली वळते, म्हणून लांबच्या स्टाफवर आकडा मोठा वाचला जातो आणि ती जागा आहे त्यापेक्षा खाली वाटते. हवेतून जाताना किरण थोडा खाली वाकतो, त्यामुळे यातला साधारण सातवा हिस्सा परत मिळतो. दोन्ही मिळून दुरुस्तीचा आकडा सर्व्हेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो: ०.०६७३ गुणिले किलोमीटरमधल्या अंतराचा वर्ग, उत्तर मीटरमध्ये. ३२० मीटर आणि ४० मीटरच्या जोडीला त्याने जवळपास ७ मिलिमीटर येतात. उरलेले १२? ते माझ्या यंत्राचे. दुर्बिणीची रेघ ९ सेकंदांच्या कोनाने वर बघत होती, आणि २८० मीटरच्या फरकात तेवढ्याशा कोनाचे १२ मिलिमीटर होतात. म्हणजे फजितीतसुद्धा पृथ्वीचा वाटा निम्म्याहून कमीच निघाला. बॅकसाइट आणि फोरसाइट सारख्या अंतरावर घेतल्या असत्या तर दोन्ही चुका दोन्हीकडे सारख्या पडून वजाबाकीत उडाल्या असत्या. दुसऱ्या दिवशी ४०-४० मीटरच्या साइट्स घेत सगळं पुन्हा केलं. अण्णांनी दुपारचा डबा मात्र माझ्याबरोबर खाल्ला.

हे सगळं हिवाळ्यातल्या पहाटेचं. एप्रिलमधल्या दुपारी डांबरावर लेव्हल लावून बघा. जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा तापलेली असते, किरण खाली वाकायच्या ऐवजी वर वाकतो, स्टाफ पाण्यात उभा केल्यासारखा थरथरतो. रस्त्यावर दूर पाणी दिसतं ते हेच. अशा हवेत पुस्तकातली दुरुस्ती लावण्यात अर्थ नसतो. साइट आखूड करा नाहीतर छत्री मिटून चहाला जा. आणि याच कारणासाठी, ट्रॅकच्या टोकाला ओणवं बसून दुसऱ्या टोकाकडे बघत "मला गोलाई दिसते" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. त्याला दिसते ती हवेची उकळी, किंवा ट्रॅकचा खराखुरा उंचवटा.

फिरत्या लेझरने काम केलं तर? एक लेझर स्टार्टला ठेवून ४०० मीटरपर्यंतच्या सगळ्या लेव्हल्स त्यावरून घेतल्या, तर कागदावर ट्रॅक सपाट दिसेल आणि प्रत्यक्षात शेवटाला ११ मिलिमीटरच्या आसपास उचललेला निघेल. पण इतक्या लांबून लेझर वापरणारा माणूस त्याआधी इतर चार चुका करून बसलेला असतो.

त्यातही हा ३ किंवा १२ मिलिमीटर कशाच्या तुलनेत, ते पाहू. राष्ट्रीय महामार्गाचा वरचा डांबरी थर पेव्हरने टाकताना लेव्हलमध्ये अधिक-उणे ६ मिलिमीटर चालतं. म्हणजे मधोमध टेकलेला लेझरसरळ ट्रॅक आणि पाणसळीचा ट्रॅक, दोन्ही बांधून दाखवा म्हटलं, तर चांगल्या ठेकेदाराच्या कामातून कुठला कुठला हे मला सांगता येणार नाही. कामाच्या मान्य चुकीतच पृथ्वीची गोलाई हरवून जाते. ड्रॅग स्ट्रिपला याहून चोख काम लागतं हे कबूल. ताशी २५०-३०० च्या वेगात ३ मिलिमीटरचा सांधा गाडीच्या मागच्या चाकाला लगेच जाणवतो. पण तो ३ मिलिमीटर एका सांध्यावर असतो म्हणून जाणवतो. गोलाईचा ३ मिलिमीटर २०० मीटरभर पसरलेला असतो. तपासणीची ३ मीटरची सरळ पट्टी ट्रॅकवर ठेवली तर तिच्याखाली गोलाईचा वाटा येतो एका मायक्रॉनच्या पाचव्या हिश्शाहून कमी.

आणि मुळात सपाट ट्रॅक कुणाला हवाय? आपल्याकडे तर मुळीच नको. सह्याद्रीच्या माथ्यावर जूनपासून जे कोसळतं, ते पाणी वाहून जायला आडवा उतार द्यावाच लागतो. धावपट्टीला तो १.५ टक्क्यांपर्यंत असतो, मधून दोन्ही कडांकडे. ३० मीटर रुंद धावपट्टीत मधली रेघ कडेपेक्षा साडेबावीस सेंटीमीटर उंच. दोन लेन या कण्याच्या दोन बाजूंना आखल्या की प्रत्येक गाडी आपापल्या कडेकडे ओढली जाते. १,५०० किलोच्या गाडीला ही ओढ साधारण २२ किलोची आहे. नवखे ड्रायव्हर म्हणतात गाडी डावीकडे खेचते, अलाइनमेंट बघा. अलाइनमेंट ठीक असते. धावपट्टी पावसासाठी बांधलेली असते.

इथे पृथ्वीच्या दुसऱ्या एका गुणाचा उल्लेख करायला हवा, कारण तो गोलाईपेक्षा जड आहे: तिचं फिरणं. साधारण १९ अंश अक्षांशावर, ताशी १८० किलोमीटरने पूर्वेकडे धावणारी १,५०० किलोची गाडी सुमारे १ किलोने हलकी होते, पश्चिमेकडे धावली तर तेवढीच जड. यात निव्वळ गोलाईचा वाटा ६० ग्रॅम. उत्तर गोलार्धात गाडी उजवीकडेही ढकलली जाते. टायर जमिनीला धरून नसते तर साडेबारा सेकंदांत ती ८ सेंटीमीटर उजवीकडे गेली असती. पण ती ढकल आहे जास्तीत जास्त ३६० ग्रॅमची, आणि टायर जमिनीला धरून असतात, निदान चांगल्या बर्नआउटनंतर, म्हणजे शर्यतीआधी चाकं जागच्या जागी फिरवून टायर तापवल्यावर. तुमच्या मित्राला पुढची पैज लावायची असेल तर विषय हा द्या, तो नक्की चकेल.

लांबी वाढली की चित्र बदलतं, कारण आकडा वर्गाने वाढतो. १५ ऑक्टोबर १९९७ ला अमेरिकेतल्या ब्लॅक रॉक वाळवंटात अँडी ग्रीनने थ्रस्ट एसएससी ही जेट गाडी ताशी १,२२८ किलोमीटरला नेऊन ध्वनीचा वेग ओलांडला. पुढे ब्लडहाउंड गाडीसाठी दक्षिण आफ्रिकेतल्या हॅक्सकीन पॅनवर सुमारे १९ किलोमीटरचा ट्रॅक स्थानिक लोकांनी हातांनी दगड वेचून साफ केला. १९ किलोमीटरला दोरी आणि पाण्यातला फरक मधोमध ७ मीटर होतो. दोन मजली घर! लेझरने सरळ ट्रॅक करायचा तर मध्ये एवढं खोदायला लागलं असतं. कुणी खोदलं नाही, कारण या दोन्ही जागा वाळलेल्या तळ्यांचे तळ आहेत. पाणी साचतं, गाळ बसतो, पाणी आटतं, पुन्हा साचतं. हजारो वर्षं पाण्यानेच पाणसळ लावलेली जमीन पृथ्वीइतकीच गोल असणार. गाडीला ती सपाट, दोरीला कुबड.

गोलाई खरोखर भोवते ती जिथे सरळ रेघेवाचून चालत नाही तिथे. आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. २०२३ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटरच्या, आणि त्यांच्या निर्वात नळीतून लेझर धावणार. लेझरला पाण्याची पातळी कळत नाही. ४ किलोमीटरवर जमीन रेघेखालून सव्वा मीटर निसटते. अमेरिकेतल्या लायगोत ही गोलाई काँक्रीटच्या पायात भरून काढावी लागली. तिथल्या सर्व्हेअरला बुडबुड्यावर विसंबून चालत नाही, उलट बुडबुड्याचं ऐकलं तर नळी वाकते. न्यूयॉर्कच्या व्हेराझानो पुलाचे दोन मनोरे ओळंब्यात उभे केले, तर २११ मीटर उंचीवर ते पायथ्यापेक्षा चार सेंटीमीटरने एकमेकांपासून लांब निघाले. दोन्ही ताठ उभे, आणि तरी समांतर नाहीत.

आणि हे सगळं मोजायची हौस आपल्या भूमीत जुनी आहे. १८०२ साली मद्रासजवळ साडेसात मैलांची पायारेषा साखळ्यांनी मोजून ज्याने भारताचं त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केलं, तो विल्यम लॅम्ब्टन १८२३ साली हिंगणघाटला काम चालू असतानाच गेला. त्याची कबर तिथेच आहे. वर्ध्याकडे जाणं झालं की मी वाकडी वाट करून जातो.

पैजेवरून आठवलं. १८७० च्या मार्चमध्ये इंग्लंडमध्ये हीच पैज लागली होती, ५०० पौंडांची. पृथ्वी चपटी आहे असं मानणाऱ्या जॉन हॅम्पडनने आव्हान दिलं आणि निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेसने ते घेतलं. त्याने जुन्या बेडफर्ड नदीचा सहा मैलांचा सरळ कालवा निवडला. पाण्यापासून सारख्या उंचीवर तीन खुणा, दोन टोकांना आणि एक मध्ये, आणि दुर्बिणीतून मधली खूण वर आलेली दिसली. हिशोबाने ती सुमारे ६ फूट, हवेचा परिणाम वजा जाता ५ फुटांच्या वर यायला हवी. जागा निवडण्यातली त्याची हुशारी बघा: पाणी सपाट ठेवायचं काम पाण्यावरच सोडलं. वॉलेस पैज जिंकला, पण हॅम्पडनने पुढची कितीतरी वर्षं पत्रं लिहून आणि कोर्टकज्ज्यांत ओढून त्याचा जीव नकोसा केला. तेव्हा तुमची पैज चहावरच मिटवा.

राहता राहिलं शर्यतीच्या दिवशी करायचं काम. तुम्ही धावणार आहात ती धावपट्टी असेल तर दोन्ही टोकांच्या समुद्रसपाटीपासूनच्या उंच्या आयोजकांकडून मागून घ्या. प्रत्येक धावपट्टीच्या त्या मोजलेल्या असतात. मोठ्या धावपट्टीला टोकापासून टोकापर्यंत सरासरी १ टक्क्यापर्यंत उतार चालतो, म्हणजे ४०२ मीटरमध्ये ४ मीटर. गोलाईच्या अर्ध्या इंचाच्या तीनशे पट. दोन टोकांत एक-दोन मीटरचा फरक निघाला, तर स्टार्ट लाइन कुठल्या टोकाला आहे ते बघा. मागच्या वर्षीच्या तुमच्या वेळेशी तुलना करणार असाल तर तेव्हा ती कुठल्या टोकाला होती, तेही विचारा.